भारीतलं तेल

गुरुसिद्ध पट्टणशेट्टी या मिस्त्रीनं बारा वर्षं डोक्याला तेल लावलं नाही. का लावत नाही ते कोल्हापूरच्या अख्ख्या उद्यमनगरला ठाऊक होतं, पण त्याच्यासमोर कुणी विषय काढत नसे. काढलाच, तर हातातला पाना खाली ठेवून तो असा काही बघायचा की विचारणाऱ्याला आपलं दुसरीकडं काम असल्याची आठवण व्हायची.

माणूस मूळचा सीमेवरच्या नेसरीचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत मोजकंच बोलणारा. चौदाव्या वर्षी कोल्हापुरात आला, फौंड्रीत राबला, लेथवर हात बसवला आणि शेवटी जीव जडला तो जुन्या विलायती मोटारसायकलींच्या गिअरबॉक्सवर. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या या गाड्या कोल्हापूरच्या शौकिनांनी हौसेनं घेतल्या होत्या. त्यातलीच पाचशे सीसीची एक हंबीरराव इनामदारांकडं होती. ती सांभाळायला त्यांनी एकसष्ट साली गुरुसिद्धला नोकरीला ठेवलं.

हंबीरराव म्हणजे सहा फूट देह, कोशा पटका, आणि आवाज असा की वाड्यात बोलले तर रस्त्यावरचा सायकलवाला खाली उतरायचा. अंगानं तालमीत वाढलेले, मनानंही तिथंच राहिलेले. गाडी म्हणजे त्यांच्या लेखी पैलवान. पैलवानाला जसे बदाम, तूप, थंडाई, तसा गाडीलाही खुराक पाहिजे, तोही भारीतला. "भारीतलं दे" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग समोर सोनार असो, शिंपी असो की पेट्रोल पंप. शौक दांडगा होता, समज तेवढी बेताची होती, आणि ती बेताची आहे हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

आता यात तेलाचा संबंध काय, ते सांगायला हवं. या जुन्या गिअरबॉक्समधली दात्यांची चाकं पोलादाची, पण ती ज्या बुशांवर, म्हणजे कड्यांवर, फिरतात ते बुश पितळी जातीचे. त्यांना इंजिनात घालतात तेच जाड तेल, पन्नास नंबरचं, पुरेसं होतं. साधं, बिनवासाचं, कुठंही मिळणारं. पण त्या सुमारास ट्रकसाठी एक नवं तेल आलं होतं, ई.पी. नव्वद. मधासारखं दाट, दिसायला देखणं आणि किमतीला चढं. त्यात गंधक असतं. ट्रकच्या डिफरन्शलमध्ये, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दात्यांच्या पेटीत, पोलादावर पोलाद रगडतं, तिथं ते अमृत. पितळेशी मात्र त्याचं वैर. गाडी तापली की ते गुपचूप पितळ खायला लागतं. लगेच काही कळत नाही. पाच-सहा महिने गाडी मजेत पळते आणि एक दिवस बुश शाफ्टला चिकटून बसतो. ओळखायची खूण एकच, सडक्या कांद्यासारखा वास.

गुरुसिद्ध पन्नास नंबरचंच घालायचा. हंबीररावांना ते खुपायचं. "आरं, इंजिनातलं तेल गिअरला? आपण काय गरीब हाय व्हय?" असं दोनदा विचारून झालं होतं. दोन्ही वेळा गुरुसिद्धनं समजावून सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा आपण भिंतीला सांगतोय हे त्याला कळलं होतं.

अडुसष्ट सालचा दसरा. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली, हार घातला, आणि दसऱ्याला सकाळी हंबीरराव पाच-सहा दोस्तांच्या गाड्या मागं घेऊन पन्हाळ्याला निघाले. हा त्यांचा दर वर्षीचा मान. शिवाजी पुलावर दोन्ही बाजूला माणसं उभी होती. पुलाच्या ऐन मध्यावर गाडीनं एक कर्कश आवाज केला आणि मागचं चाक जागच्या जागी बसलं. मागच्या दोस्तांनी कसेबसे ब्रेक मारले. कुणीतरी गर्दीतून शिट्टी वाजवली. हारासकट गाडी हातगाड्यावर घालून वाड्यात आणावी लागली, आणि पुलापासून वाड्यापर्यंत हंबीरराव तिच्यामागून पायी चालत आले.

वाड्याच्या चौकात पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. हंबीररावांनी गिअरबॉक्सचं तेल घमेल्यात काढायला लावलं. काळंकुट्ट, आत पितळेची चकाकणारी पूड. "हे बघा," ते गरजले, "माझ्या गाडीला हलकं तेल पाजून मारली ह्येनं!" आणि ते घमेलं उचलून त्यांनी गुरुसिद्धच्या डोक्यावर पालथं केलं.

कोमट तेल कपाळावरून डोळ्यांत, नाकात, ओठांवर आलं. त्या क्षणी गुरुसिद्धला राग आला नाही, आधी वास आला. सडका कांदा. हे तेल त्याचं नव्हतंच. त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा त्याच्याच तोंडावरून ओघळत होता. "सरकार, हे तेल माझं न्हवं," तो म्हणाला, "वास घ्या, वास घ्या कुणीतरी." कुणी पुढं आलं नाही. उलट दोघं-तिघं हसले. हंबीररावांचे दिवाणजी गणपतराव तेवढे खाली बघत राहिले.

त्या अवतारात तो दसऱ्याच्या गर्दीतून घरी चालत गेला. लोक सोनं म्हणून आपट्याची पानं वाटत होते, आणि त्याला बघून हात मागं घेत होते. घरी दानम्मानं, त्याच्या बायकोनं, शिकेकाई लावून तीन दिवस डोकं धुतलं तरी उशीला वास येतच राहिला.

चौथ्या दिवशी तो ट्रकांच्या गॅरेजवाल्या शिवमूर्तीकडं गेला. शिवमूर्ती त्याच्याच भागातला. त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं, "चैत्रात तुझं सरकार सोता आलतं की. म्हणालं, भारीतलं तेल दे. ई.पी. नव्वदचा डबा न्हेला. मला वाटलं ट्रकला पायजे आसंल."

म्हणजे चाकरी गेली, अब्रू गेली, आणि गाडी मारणारा मात्र वाड्यात लोडाला टेकून बसला होता. पुढं दिवाळी आली. दानम्मानं पाट मांडला, तेल कोमट केलं. गुरुसिद्धनं तिचा हात धरला.

"न्हाय. त्येच्या तोंडनं खरं बाहेर पडंस्तोवर ह्या डोक्याला तेल न्हाय."

"त्यो काय कबूल हुतोय?" दानम्मा म्हणाली.

"हुईल. न्हायतर राहू दे डोकं तसंच."

दोन वर्षं त्याला मोटारसायकलीचं काम मिळालं नाही. इनामदाराची गाडी मारणारा मिस्त्री अशी ख्याती झाल्यावर कोण येतंय? नदीकाठच्या विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करून त्यानं दिवस काढले. पण हात खोटं बोलत नाहीत. हळूहळू उद्यमनगरात पत्र्याची शेड झाली, आणि जुन्या गाड्यांचे मालक एकेक करून तिथं येऊ लागले. त्याची तऱ्हा मात्र आता बदलली होती. गिऱ्हाईक काय सांगतंय ते नंतर. आधी गिअरबॉक्सखालचा तेल काढायचा प्लग उघडायचा, तेलाचा थेंब बोटांवर चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. गंधक निघालं तर गाडी परत. "रॉकेलनं दोनदा धुवा, मग या." लोक आता त्याला अप्पा म्हणत, आणि चेष्टा करायचे की डॉक्टर नाडी बघतो, अप्पा तेल हुंगतो. गुरुसिद्ध हसत नसे. दर वेळी तो थेंब नाकाशी नेताना त्याला तो चौक दिसायचा, ती हसणारी तोंडं दिसायची. त्यानं डूख धरला होता आणि तो मोठ्या मायेनं जोपासला होता.

दिवाळ्या येत राहिल्या. डोक्याचे केस आधी राठ झाले, मग पिकले. गुरुसिद्धनं टोपी घालायला सुरुवात केली आणि ती झोपतानाच काय ती काढायचा.

ऐंशी सालच्या गुढीपाडव्याला गणपतराव शेडच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दसऱ्याला कोल्हापूरच्या शौकिनांनी जुन्या मोटारसायकलींची पन्हाळ्यापर्यंत मोठी फेरी काढायचं ठरवलं होतं आणि अग्रभागी मान हंबीररावांचा होता. पण त्यांची गाडी दुसऱ्या गिअरमधून निसटत होती, आणि दोन मिस्त्र्यांनी हात टेकले होते.

"सोता येऊ देत," गुरुसिद्ध म्हणाला. "गाडी ढकलत."

हंबीरराव आले. गाडी नोकरांनी ढकलली, पण ते बरोबर चालत आले. पटका तोच होता, आवाज थोडा बसला होता. "जुनं काय मनात धरू नगंस, मिस्त्री," ते म्हणाले.

"ठेवा गाडी," गुरुसिद्ध म्हणाला. "हंबीरराव."

सरकार न म्हणता नाव घेतलेलं त्यांना लागलं. ते लागलेलं गुरुसिद्धनं पाहिलं आणि त्याला गोड वाटलं.

गाडी महिनाभर शेडमध्ये होती. आता खरं सांगायचं तर त्या महिन्यात त्याच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. एक नट अर्धा आटा ढिला. एक बुश केसभर घट्ट. कुणाला समजलं नसतं. एकदा तर पाना हातात घेऊन तो त्या नटासमोर बराच वेळ बसला. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण जर आज ही गाडी मारली, तर बारा वर्षांपूर्वी हंबीरराव जे बोलले ते खरं ठरेल. मिस्त्रीनंच गाडी मारली. त्यानं नट असा आवळला की कधी कुठला आवळला नव्हता. गनमेटलचे नवे बुश लेथवर काढले, एकेक घासून बसवला, आणि गाडी अशी बनवली की कारखान्यातून निघाली तेव्हाही ती इतकी चांगली नसेल.

सूड बाकी होता. त्यासाठी त्यानं दुसरं हत्यार शोधलं, आणि ते म्हणजे सत्य.

गाडी द्यायच्या दिवशी त्यानं मुद्दाम उद्यमनगरातले दहा-बारा मिस्त्री, गाडीवाले चहाला बोलावले. हंबीरराव आले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "यात पन्नास नंबरचं इंजिनातलं तेल हाय. ह्येच घालायचं. ते गंधकाचं भारीतलं घातलासा तर बुश खाईल. तुमास्नी तेलातलं काय कळत न्हाय, म्हणून चार माणसांत सांगतोय. आन हे बघा." त्यानं गिअरबॉक्सच्या दोन्ही प्लगना भोक पाडून तार ओवली होती, आणि तारेला लाइटीच्या मीटरला असतं तसं शिशाचं सील मारलं होतं. "तेल बदलायचं झालं तर हिकडं आणायचं. सील मीच तोडणार."

हंबीररावांच्या मानेची शीर उडायला लागली. "माझ्या गाडीला तुझं कुलूप?"

"कुलूप गाडीला न्हाय," गुरुसिद्ध म्हणाला, "तुमच्या हाताला हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. बारा वर्षांपूर्वी जे हसणं गुरुसिद्धच्या वाट्याला आलं होतं, त्यातलं थोडंसं परत गेलं.

आठवड्यानं गणपतराव सहज म्हणून चहाला टेकले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि उठता उठता म्हणाले, "सील तोडलं काल. शिवमूर्तीकडनं नवा डबा आणवला. म्हणालं, लिंगायताचं पोर मला तेल शिकवतंय." एवढं सांगून ते निघून गेले. त्यांना काही पाप-पुण्याचं वाटत असावं. बारा वर्षं खाली बघून त्यांचीही मान दुखली असेल.

त्या दिवशी गुरुसिद्ध दोन भाकऱ्या जास्त जेवला. दानम्मानं ताटाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"काय केलासा?"

त्यानं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मी खरंच सांगितलं की त्येला," तो म्हणाला. "एक शब्द खोटा न्हाय."

"खरं सांगितलासा," दानम्मा म्हणाली, "पर त्येनं ऐकू नये आसं सांगितलासा."

त्याला पश्चात्ताप नव्हता. तो दिवस मोजत होता.

दसऱ्याला चाळीसेक गाड्या दसरा चौकातून निघाल्या. पुढं हंबीरराव, गाडीला झेंडूचा हार, अंगात पांढरी शुभ्र तुमान आणि रेशमी कोट. सगळ्यांत मागं अवजारांची जीप. ती चालवायला बंडू नावाचा ड्रायव्हर होता, आणि शेजारी गुरुसिद्ध. फेरीच्या लोकांनीच त्याला बोलावलं होतं. वाटेत गाडी बिघडली तर दुसरा माणूस कोण?

शिवाजी पूल पार पडला. वाघबीळ मागं पडलं, चढ सुरू झाला. गुरुसिद्धचे कान पुढच्या एका गाडीला लागले होते. चढ आहे, वेग कमी आहे, म्हणजे जिवाला धोका नाही, हा हिशेब त्यानं हजारदा केला होता. तरी तिसऱ्या वळणावर तो कर्कश आवाज आला आणि पुढं आरडाओरडा झाला, तेव्हा तो हिशेब कोसळला. दरीच्या बाजूला कठडा नव्हता. चालत्या जीपमधून उडी मारून तो पळत सुटला.

हंबीरराव रस्त्यावर गुडघ्यांवर बसले होते. तळहात खरचटले होते, बाकी काही नाही. गाडी कडेच्या दगडाला टेकली होती. गुरुसिद्धनं त्यांना उभं केलं, पुरतं बघितलं, आणि ते धड आहेत म्हटल्यावर त्याच्या मनातली भीती ओसरली आणि तिच्या जागी जुनी आग पुन्हा चढली.

त्यानं जीपमधून घमेलं आणलं. तार नव्हती, सील नव्हतं. प्लग काढला. धुरकट काळं तेल घमेल्यात उतरलं, आत पितळेची पूड, आणि सडक्या कांद्याचा वास सगळ्या वळणावर पसरला. गोळा झालेल्या पन्नास-साठ माणसांना काही सांगायची गरज उरली नाही. उद्यमनगरचे मिस्त्री एकमेकांकडं बघायला लागले.

"बोल काय बोलायचं ते," हंबीरराव म्हणाले.

"मी कशाला? माझं बारा वर्षांमागं बोलून झालंय. आता तुमी बोला."

मग हंबीरराव पुटपुटले, "मीच बदललं तेल."

"मागल्यास्नी ऐकू गेलं न्हाय."

"मीच बदललं! तुझं सील सोसलं न्हाय मला!"

"आन अडुसष्ट साली?"

हंबीररावांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "तवाबी मीच. पुलावर गाडी अडली तवाच कळलं हुतं मला."

गुरुसिद्धनं भरलेलं घमेलं खालून उचललं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की माणूस अडाणी आहे, अडाणीपणानं ओतलं. माहीत असून आपल्या डोक्यावर ओतलं होतं, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. "मग माझ्या डोक्यावर का ओतलासा?"

"कुणाच्या तरी डोक्यावर ओतायलाच पायजे हुतं," हंबीरराव म्हणाले. "लोक बघत हुते."

मग त्यांनी पटका काढून हातात घेतला आणि मान खाली केली. "ओत. फिट्टंफाट झाली म्हण."

"ओत अप्पा!" मागून कुणीतरी ओरडलं. "ओत की!"

गुरुसिद्धचे हात वर गेले. घमेल्याची कड त्या पांढऱ्या डोक्यावर आली. आणि तिथंच थांबली. ओतलं की फिटलं, हे त्याला त्या क्षणी लखलखीत दिसलं. घरी जाऊन हा आंघोळ करील आणि उद्या मोकळा. मला फेडून घ्यायचं नाहीच.

"बंडू," तो म्हणाला, "जीप लाव. गाडी वर चढवा. हंबीरराव, तुमी मागं बसायचं. हे घ्या." आणि त्यानं ते भरलेलं घमेलं त्यांच्या दोन्ही हातांत दिलं. "मांडीवर धरा. सांडू नका. गाडी कशानं मेली त्येचा पुरावा हाय ह्यो, शेडवर न्यायचाय."

दहा मैलांचा रस्ता. ऐंशी सालचा, नुकताच पावसाळा खाऊन बसलेला. बंडूला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यानं एक खड्डा चुकवला नाही. पहिल्या खड्ड्याला तेल तुमानीवर आलं, दुसऱ्याला रेशमी कोटावर. केर्लीपर्यंत छातीवर पोचलं. हंबीरराव दोन्ही हातांनी घमेलं धरून बसले होते, त्यामुळं तोंडावर उडालेलं पुसायला हात नव्हता. पुढं बसलेल्या गुरुसिद्धनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. वास येत होता, तेवढं पुरे होतं. शिवाजी पुलावर दसऱ्याची गर्दी होती. जीप हळू झाली. "आरं, इनामदार न्हवं का ह्ये?" एकजण म्हणाला, आणि दुसऱ्यानं नाकाला रुमाल लावला.

शेडवर पोचेपर्यंत घमेल्यात वाटीभर तेल उरलं होतं. गुरुसिद्धनं ते घेतलं. "गाडीला नवं बुश घालून देतो," तो म्हणाला. "गाडीचा काय गुन्हा? पर आता सील मारणार न्हाय. कशानं मेली, ते तुमीच लोकास्नी सांगत जावा."

हंबीरराव चालत वाड्याकडं गेले. त्या अवतारात, दसऱ्याच्या गर्दीतून.

नरकचतुर्दशीला पहाटे दानम्मानं पाट मांडला. रांगोळी काढली, तेल कोमट केलं. गुरुसिद्ध येऊन बसला. बारा दिवाळ्या तो या पाटाला वळसा घालून गेला होता. आज त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली आणि डोळे मिटले.

तेल पडेना. त्यानं डोळे उघडले. दानम्मा वाटी हातात घेऊन त्याच्या डोक्याकडं बघत उभी होती. पणतीच्या उजेडात ते डोकं गुळगुळीत चमकत होतं. कानांमागं चार पांढरे केस, बाकी सगळं मैदान. रोज बघत आलेलं तिलाही जणू आजच दिसलं.

"अय्यो," ती म्हणाली, "लावायचं कुठं आता?"

आणि ती हसायला लागली. गुरुसिद्धनं हात वर नेऊन चाचपून पाहिलं. अडतिसाव्या वर्षी धरलेला हट्ट पन्नासाव्या वर्षी सुटला होता आणि मधल्या मधे केस निघून गेले होते. आधी त्याला राग आला, मग त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं ते काही केल्या थांबेना. बारा वर्षं तो हंबीररावांचं तेल डोक्यावर घेऊनच फिरत होता, हे त्याला आता कळत होतं, आणि ते कुणावर ओतून उतरणारं नव्हतं.

दानम्मा हसायची थांबली. तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

"राहू दे का?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्या हातातली वाटी नाकाशी धरली, सवयीनं. साधं खोबरेल होतं.

"लाव," तो म्हणाला.